सुईचा धर्म
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दुसऱ्याच्या अंगावर कायमची खूण करण्याचा अधिकार आपण फार थोड्या लोकांना देतो. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हा त्यांपैकी एक आणि गोंदणारा हा दुसरा. डॉक्टर होण्यासाठी वर्षानुवर्षे शिकावे लागते, परीक्षा द्याव्या लागतात, सरकारदरबारी नोंद करावी लागते. गोंदणाऱ्याला मात्र यातले काहीच लागत नाही. सुई, शाई आणि कुणीतरी विश्वासाने पुढे केलेला हात एवढे भांडवल त्याला पुरते. न्हाव्याने केस वाकडे कापले तर महिन्याने वाढतात, शिंप्याने झंपर बिघडवला तर उसवून पुन्हा शिवता येतो. पण गोंदण बिघडले तर ते सरणापर्यंत सोबत येते. मग ज्या कामातली चूक पुसता येत नाही, त्या कामाला काही नियम, काही शिस्त, काही धर्म असावा की नाही? असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो कोणता, हे शिकण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही.

'वार्षिकात लिहायला हाच विषय सापडला का?' असे काही वाचकांना वाटेल. साहित्य, संस्कृती, राष्ट्रीय एकात्मता अशा भारदस्त विषयांच्या पंगतीला गोंदणारीण आणून बसवायची म्हणजे जरा विशोभितच! पण आपल्या समाजाची गंमत पाहा. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण आहे. तालुक्याच्या गावी जायचे झाले की ती हात पदराखाली घेते. कारण गोंदण म्हणजे अडाणीपणा, असे तिला कुणीतरी कधीतरी ऐकवले आहे. त्याच गावात काचेच्या दुकानात हजारो रुपये मोजून मुले-मुली 'टॅटू' काढून घेतात आणि बाह्या वर सारून मिरवतात. सुई तीच, कातडी तीच आणि कातडीखाली शाई सोडण्याची रीतही तीच. एकाला आपण मागासलेपण म्हणतो, दुसऱ्याला कला म्हणतो. आणि 'यातले चांगले काम कोणते आणि वाईट कोणते?' हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचा राहून जातो.

या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर एका गोंदणारणीकडून मिळाले. आमच्या माण तालुक्यातल्या गावी चैत्रात जत्रा भरते. पाळणे, भेळ, बांगड्या आणि खेळणी यांच्या रांगेत अगदी टोकाला तिचे पाल असते. बाहेर फळीवर नमुने लावलेले असतात : तुळशीवृंदावन, मोर, विंचू, त्रिशूळ, चंद्रकोर. सारा गाव तिला मावशी म्हणतो. तिच्या आईच्या काळी तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधत, दिव्याचे काजळ कालवून घेत आणि टोचून झाल्यावर वर हळद-तेल लावत. आता मावशीकडे बॅटरीवर चालणारे मशीन आहे. या मशीनचे मूळ अमेरिकेत सापडते. एडिसनने १८७६ साली कागदाला बारीक भोके पाडून नकला काढणाऱ्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले होते. त्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली या गोंदणाऱ्याने १८९१ साली गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. मशीनमुळे काम झपाट्याने होऊ लागले खरे. पण मावशीला त्याचे कौतुक बेताचेच. ती म्हणते, "मशीन नुसतं टोचतंय. गोंदतो त्यो डावा हात."

मी प्रथम हे ऐकले तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. पाहत बसल्यावर कळला. सुई उजव्या हातात असते, पण डावा हात कातडी ताणून धरतो. कातडी सैल राहिली की रेघ थरथरते, टिपका लांबतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी वेगळी ताणावी लागते, तरण्या पोराची वेगळी. दुसरे कसब खोलीचे. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि नवा येत असतो. शाई तेवढ्या थरातच राहिली तर थोड्याच दिवसांत निघून जाते. ती त्याखालच्या थरात, म्हणजे वरून जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल जावी लागते. तिथे शरीराच्या रक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात आणि म्हणून गोंदण टिकते. त्याहूनही खोल गेली तर शाई पसरते आणि अक्षराचा डाग होतो. विज्ञानाच्या पुस्तकातले हे सारे मावशी एका वाक्यात सांगते : "वर टोचलं तर खपलीसंगं जातं, खाली टोचलं तर वघळतं." पुस्तक न वाचता तिच्या बोटांना ती खोली कळते, ही खरोखर विद्या आहे. आपण तिला विद्या म्हणत नाही, हा आपला कोतेपणा.

परंतु हाताची सफाई म्हणजे सुईचा सारा धर्म नव्हे. तिचे मोठेपण मला दिसले ते ती गिऱ्हाइकाला परत पाठवते तेव्हा. दारू पिऊन आलेल्याला ती पालात पाऊल टाकू देत नाही. अठराच्या आतल्या मुलामुलींना आईबापाशिवाय हात लावत नाही. साखरेचा आजार असेल तर जखम लवकर भरत नाही, म्हणून आधी डॉक्टरला विचारून यायला सांगते. पोटुशी बाई असेल तर "बाळंत व्हऊन, बाळ मोठं झाल्याव ये" म्हणते. तीळ किंवा चामखीळ दिसली तर त्यावरून सुई नेत नाही. नव्या नव्या प्रेमात पडलेला एखादा मजनू मुलीचे नाव गोंदवायला आला तर "फुडल्या जत्रंला ये, तवा बी हेच नाव सांगितलंस तर फुकट गोंदते" असे म्हणून त्याला वाटेला लावते!

मावशीला लिहिता-वाचता येत नाही. तरीही तिच्या हातून नावात चूक होत नाही, कारण तिने स्वतःपुरता एक नियम घातला आहे. गिऱ्हाइकाने नाव स्वतः कागदावर लिहायचे, दुसऱ्या माणसाने ते मोठ्याने वाचायचे आणि मगच तिने ते जसेच्या तसे उतरायचे. यंदा दोन दिवस हे वाचायचे काम माझ्याकडे होते. एका मुलाने बहिणीचे नाव 'प्रिती' असे ऱ्हस्व लिहून दिले. मी ते 'प्रीती' असे दीर्घ हवे म्हटल्यावर मावशीने सुई खाली ठेवली आणि त्याला बहिणीला फोन करायला लावला. तिच्या दाखल्यावर 'प्रीती' असेच होते. मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचा अर्धा गुण जातो म्हणून आपण कुरकुरतो. इथे जन्मभराचा हात जाणार होता. स्वतःला काय येत नाही हे ओळखून त्याची तजवीज आधीच करून ठेवणे, ही चांगल्या कारागिराची खूण नव्हे काय?

जुने ते सारे सोने, असा मात्र माझा दावा नाही. आजी आठ वर्षांची असताना दोघींनी तिचे हातपाय धरले आणि तिसरीने गोंदले. तिला कुणी विचारले नाही. 'मेल्यावर सोने-नाणे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते' अशी समजूत होती आणि त्या समजुतीपुढे आठ वर्षांच्या मुलीच्या रडण्याला किंमत नव्हती. ज्याच्या अंगावर खूण करायची त्याची संमती घेतली नाही, तर गोंदण आणि डागणे यांत काय फरक उरतो? इतिहासात हा फरक पुसला गेल्याचे दाखले आहेत. कंपनी सरकारच्या राज्यात बंगालमध्ये १७९७ च्या नियमानुसार काही कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. त्या शिक्षेचे नावच 'गोदना' होते. १८४९ साली ती कायद्याने बंद झाली. आणि हे केवळ परक्यांच्या राज्यात घडले असेही नाही. १९९३ साली अमृतसरमध्ये चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी' असा शब्द पोलिसांनी गोंदवला. संबंधित पोलिसांना न्यायालयाने शिक्षा दिली ती २०१६ साली. त्या चौघींच्या कपाळावर सुई कुणाच्या तरी हातानेच चालली ना? त्या हाताने 'नाही' म्हटले असते तर? म्हणून माझ्या मते संमती हा या व्यवसायाचा पहिला नियम. मावशीच्या आईने तो पाळला नव्हता, मावशी पाळते. परंपरा सुधारते ती अशी.

दुसरा नियम स्वच्छतेचा. जत्रेतल्या कित्येक पालांत एकच सुई दिवसभर चालते. फार तर ती फडक्याने पुसतात किंवा गरम पाण्यात बुडवतात. सुईला लागलेले रक्त डोळ्यांना दिसत नसले तरी त्यातून कावीळ 'ब', कावीळ 'क' आणि एच. आय. व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. कावीळ 'ब'चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. त्याला मारायला दवाखान्यातल्यासारखी १२१ अंश सेल्सिअसची दाबाची वाफ पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागते, नाहीतर दर माणसाला नवी सुई घ्यावी लागते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरात नुकतेच गोंदवून घेतलेल्यांना एक वर्ष थांबायला सांगतात, ते उगीच नव्हे. मावशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पाकीट फोडून सुई काढते. शाई बाटलीच्या बुचात थोडी ओतून घेते आणि उरलेली बाटलीत परत न ओतता फेकून देते. हे तिला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवले.

पण इथेच गाडी अडते. नव्या सुईला पैसे पडतात. मावशी अक्षराला वीस रुपये सांगते, शेजारचा पालवाला दहात गोंदतो. तो स्वस्तात देतो तो जुन्या सुईच्या जिवावर, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात येत नाही. ते घासाघीस करते आणि शेजारी जाते. जत्रेच्या तीन दिवसांत मावशीने किती जणांना परत पाठवले आणि किती जण आपणहून गेले, हे पाहिल्यावर मला वाटले, की धर्माने वागण्याची किंमत ही एकटीच बाई मोजते आहे. आपण गिऱ्हाइके मात्र वीसचे दहा करून शहाणपणा केल्याच्या आनंदात असतो.

काचेच्या दुकानात तरी सारे ठीक असते का? माझा चुलतभाऊ दोन वर्षे पहाटे उठून भरतीसाठी धावत होता. धावण्यात उतरला, लेखीत उतरला आणि वैद्यकीय तपासणीत गेला. कारण उजव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटाच्या वर 'आई' अशी दोन अक्षरे होती. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत डाव्या हाताच्या आतल्या बाजूचे गोंदण चालते. उजव्या हाताचे चालत नाही, कारण तो सलामीचा हात. गोंदणही त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान लागते. दलागणिक हे नियम थोडेफार वेगळे आहेत. दुकानदाराकडे खुर्ची होती, हातमोजे होते, नवी सुईही होती. नव्हता तो एक प्रश्न. एकोणीस वर्षांचा, केस बारीक कापलेला, उन्हाने रापलेला मुलगा समोर बसला असताना त्याने विचारले नाही. मावशी अशा प्रत्येक पोराला विचारते, "भरतीला पळतोस का रं? मग आधी जाहिरात वाचून ये." लेसरने गोंदण काढता येते असे कुणी म्हणेल, पण त्याला अनेक खेपा आणि भरपूर पैसे लागतात, आणि तरीही डाग राहू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने ते कोठून आणावे?

मग उपाय काय? बंदी हा उपाय नव्हे. न्यूयॉर्क शहराने काविळीच्या भीतीने १९६१ साली गोंदण्यावर बंदी घातली आणि १९९७ साली ती उठवली. मधल्या छत्तीस वर्षांत गोंदणे थांबले नाही. ते आडोशाला गेले इतकेच. आपल्याकडे तर या व्यवसायासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. तो जेव्हा व्हायचा तेव्हा होवो. पण तोवर गावपातळीवर बरेच करता येण्याजोगे आहे. ग्रामपंचायत जत्रेत जागेचे पैसे घेते. तिने गोंदणाऱ्यांची नोंद ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्राने त्यांना दोन तास शिकवावे आणि बंद पाकिटातल्या सुया स्वस्तात द्याव्यात. ज्याची सुई नवी, त्याच्या पालावर तशी पाटी लावावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या मुलामुलींनी नाव वाचून दाखवायला आणि भरतीचे नियम सांगायला तिथे बसावे. यात अवघड असे काय आहे?

काही जण म्हणतील, 'अशिक्षित बायांना असल्या नियमांच्या कचाट्यात अडकवले की त्यांचा धंदाच बसेल आणि काचेची दुकाने तेवढी उरतील.' ही भीती खोटी नाही. म्हणूनच नियम करताना टेबलाच्या या बाजूला मावशीसारखीला बसवले पाहिजे. कागदावर परीक्षा घेतली तर ती नापास होईल. हातावर घेतली तर कितीतरी प्रमाणपत्रवाले तिच्यापुढे नापास होतील.

आणि मित्रमैत्रिणींनो, शेवटची जबाबदारी आपली आहे. आपण हात पुढे करतो तेव्हा नक्षी पाहतो, भाव पाहतो. त्याआधी पाहावे, की सुई आपल्यासमोर उघडली का? शाई वेगळी काढली का? नाव दोनदा वाचले का? आणि समोरच्याने आपल्याला एखादा तरी प्रश्न विचारला का? जो काहीच विचारत नाही, त्याच्यापुढून हात मागे घ्यावा. जी विचारते, तिला वीसचे पंचवीस द्यावेत.