विश्लेषण : किट लेन्सनंतर कोणती लेन्स घ्यावी? लांब झूमचा मोह का टाळावा?

कॅमेऱ्याच्या खोक्यातूनच मिळणारी १८-५५ मिलिमीटरची ‘किट लेन्स’ वर्ष-सहा महिन्यांत अपुरी वाटू लागते. मग ‘सगळ्या कामांसाठी एकच लेन्स’ असा शोध सुरू होतो आणि बहुतेकांची नजर १८-२०० किंवा १८-४०० अशा लांबलचक आकड्यांवर स्थिरावते. हौशी छायाचित्रकाराचे यात फार तर थोडे पैसे अडकतात. पण बारसे, साखरपुडा, हळदीच्या ऑर्डरी घेऊन कॅमेऱ्याचे हप्ते फेडणाऱ्या तरुणाला चुकीची लेन्स अख्ख्या लग्नसराईच्या कमाईएवढी महाग पडू शकते. म्हणून ‘अष्टपैलू’ या शब्दाचा अर्थ आधी तपासायला हवा.

किट लेन्स खरेच वाईट असते का?

नाही. कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरसोबत आलेल्या अलीकडच्या १८-५५ लेन्स जेमतेम २०० ग्रॅम वजनाच्या आहेत. भर उन्हात, एफ/८ अ‍ॅपर्चरवर टिपलेला सिंहगडाचा कडा किंवा कास पठारावरची फुले मोबाइलच्या पडद्यावर पाहिली, तर महागड्या लेन्सशी फरक ओळखणे कठीण. अडचण प्रकाश कमी झाल्यावर सुरू होते. ही लेन्स १८ मिलिमीटरवर एफ/३.५ पर्यंत उघडते, पण ५५ मिलिमीटरवर पोहोचेपर्यंत एफ/५.६ वर येऊन थांबते. म्हणजे चेहरा जवळून टिपायचा असतो, नेमका तेव्हाच आत येणारा प्रकाश घटतो.

एफ/२.८ने नेमका काय फरक पडतो?

एफ/५.६ च्या तुलनेत एफ/२.८ वर चौपट प्रकाश आत येतो. समजा, मंगल कार्यालयात किट लेन्सवर ५० मिलिमीटरच्या आसपास १/५० सेकंद शटर स्पीड आणि ६४०० आयएसओ ठेवावा लागतो. एफ/२.८ लेन्सवर त्याच प्रकाशात आयएसओ १६०० वर आणता येतो. किंवा आयएसओ तसाच ठेवून शटर १/२०० सेकंदावर नेता येतो. पहिल्या पर्यायात फोटोतील दाणेदारपणा कमी होतो, दुसऱ्यात अक्षता टाकणारे हात धूसर होत नाहीत. मात्र १८ मिलिमीटरच्या टोकाला हा फायदा एका स्टॉपपेक्षाही कमी आहे. केवळ रुंद दृश्ये टिपणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

स्थिरीकरण असताना मोठे अ‍ॅपर्चर कशाला?

लेन्समधील स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. मंदिराचा गाभारा १/१० सेकंदावरही स्पष्ट येऊ शकतो. पण ढोल वाजवणाऱ्या हातांसाठी वेगवान शटरच लागते आणि त्यासाठी प्रकाश लागतो.

मग सुपरझूम कोणासाठी?

टॅमरॉनची १८-४०० ही लेन्स २०१७ मध्ये आली. वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि लांब टोकाला अ‍ॅपर्चर एफ/६.३. दिवसा भटकंती करणाऱ्या, लेन्स बदलण्याचा कंटाळा असलेल्या आणि अधूनमधून भिगवणला पक्षी टिपणाऱ्यांसाठी ती सोयीची. पण ती लांबची अडचण सोडवते, अंधाराची नाही. घरात किंवा हॉलमध्ये ती किट लेन्सइतकीच अडते, वर खांद्यावर तिप्पट वजन.

पर्याय कोणते?

डीएसएलआरवाल्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या १७-५० एफ/२.८ आणि कॅननची २००६ सालची १७-५५ एफ/२.८ या लेन्स वापरलेल्या मालाच्या बाजारात शोधण्यासारख्या आहेत. मिररलेससाठी सिग्माची १८-५० एफ/२.८ अवघी २९० ग्रॅमच्या आसपास आहे, पण तिच्यात स्थिरीकरण नाही. कॅमेऱ्याच्या बॉडीतही ते नसेल, तर हातात धरून केलेले व्हिडीओ हलतात. टॅमरॉनच्या १७-७० एफ/२.८ मध्ये स्थिरीकरण आहे, मात्र वजन ५२५ ग्रॅम. बजेट अगदीच कमी असल्यास किट लेन्स न विकता जोडीला ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्यावी. ती एफ/५.६ च्या नऊ पटींहून अधिक प्रकाश घेते. पण लहान सेन्सरवर तिची चौकट अरुंद होते. दहा बाय बाराच्या खोलीत अख्खे कुटुंब तिच्यात मावणार नाही.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

सर्वात आधी स्वतःचे फोटो. प्रत्येक डिजिटल फोटोसोबत फोकल लेंग्थ, आयएसओ आणि शटर स्पीडची नोंद असते. मागच्या दोन-तीनशे फोटोंच्या नोंदी पाहिल्या की गरज समजते. बहुतेक फोटो ५५ वर अडकलेले आणि उन्हातले असतील तर लांब लेन्स हवी, १८ वर असतील तर आणखी रुंद. आयएसओ सतत ३२०० च्या पुढे जात असेल तर एफ/२.८ हेच उत्तर.

दुसरी गोष्ट माउंटची. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसल्याने जुन्या काही लेन्स त्यावर आपोआप फोकस करत नाहीत. जुनी लेन्स घेताना समोरून टॉर्च मारून काचांमध्ये बुरशीचे जाळे आहे का, हे पाहावे. कोकणातील आणि मुंबईतील दमट हवेत हा धोका मोठा आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

थोडक्यात काय?

आपल्याकडचे बहुतेक महत्त्वाचे क्षण माणसांचे असतात आणि ते कार्यालयात, देवघरात किंवा संध्याकाळच्या मांडवात घडतात. तिथे समोरच्या माणसाच्या दिशेने दोन पावले पुढे जाता येते. प्रकाश मात्र वाढवता येत नाही. त्यामुळे ज्याला एकच लेन्स घ्यायची आहे आणि माणसे टिपायची आहेत, त्याने झूमच्या आकड्यापेक्षा अ‍ॅपर्चरच्या आकड्याला पैसे मोजणे अधिक शहाणपणाचे.