वार्ता आणि वावडी

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. संघकार्याच्या इतिहासात मात्र या नावाला वेगळे स्थान आहे. २१ जुलै १९३० रोजी डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी याच लोहाऱ्याच्या जंगलात इंग्रजांचा वनकायदा मोडला आणि नऊ महिन्यांची शिक्षा पत्करून ते अकोल्याच्या कारागृहात गेले. वर्ध्याचे अप्पाजी जोशी त्यांच्यासोबत होते. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सरसंघचालकपदाची जबाबदारी डॉ. लक्ष्मण वासुदेव परांजपे यांच्याकडे सोपविली. सत्याग्रहात उतरायचे ते व्यक्तिशः, संघाचे नित्याचे काम त्यामुळे खंडित होता कामा नये, असा त्यामागे विचार होता.

चार-सहा वाक्यांत मावणारा हा इतिहास भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र मावत नाही. तेथे तो दोन तुकड्यांत फिरतो. स्वातंत्र्यलढ्याशी संघाच्या माणसांचा काडीचाही संबंध नव्हता, असे पहिला तुकडा सांगतो. तो लिहिणाऱ्याला लोहारा ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही सोयीचे नसते. दुसरा तुकडा आपल्याच माणसांच्या हातून पुढे सरकतो आणि डॉक्टरांच्या व्यक्तिगत सत्याग्रहाला साऱ्या संघटनेची मोहीम करून टाकतो. ज्या डॉक्टरांनी व्यक्ती आणि संघटना यांतील सीमारेषा इतक्या काटेकोरपणे जपली, त्यांच्याच गौरवार्थ ती पुसली जाते. विरोधकाला याहून सोपे काय हवे? एक अतिशयोक्ती त्याच्या हाती लागली की खरा लोहाराही खोटा ठरवायला तो मोकळा होतो. २०३० साली या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या काळच्या वृत्तपत्रांचे अंक, न्यायालयाच्या आणि कारागृहाच्या नोंदी यांचा शोध घेण्याचे काम यवतमाळ-अकोल्याच्या अभ्यासू कार्यकर्त्यांनी आजच हाती घेतले, तर त्या वर्षी सांगण्यासारखे काही तरी हाती असेल.

डिजिटल युगातील बातमीच्या भवितव्याची चर्चा बहुधा यंत्रांविषयी होते. कागदी वृत्तपत्र टिकणार की नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता बातम्या लिहिणार काय, असे प्रश्न विचारले जातात. परंतु यंत्र कोणतेही असो, आलेला मजकूर पुढे पाठवावा की थांबवावा हा निर्णय अखेर एका माणसाच्या अंगठ्यावर अवलंबून असतो. पूर्वी हा निर्णय संपादक घेत असे आणि चुकल्यास त्याचे नाव अंकावर छापलेले असे. आज प्रत्येक घरात चार-चार संपादक आहेत आणि नाव कोणाचेच नाही.

साधे गावाच्या नावाचेच पाहावे. लोहारा नावाचे तालुक्याचे ठिकाण धाराशिव जिल्ह्यातही आहे. जिल्हा आणि तारीख न लिहिता 'लोहारा येथे दंगल' किंवा 'लोहाऱ्यात पूर' एवढेच कोणी पाठविले, तर यवतमाळातल्या एखाद्या आईच्या जिवाचे पाणी होण्यास तेवढे पुरेसे आहे. यंत्राला शब्द कळतो, गाव कळत नाही. जुन्या वार्तापत्रात ठिकाण आणि दिनांक बातमीच्या माथ्यावर असत. ती छपाईची नुसती रीत नव्हती.

या निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने रक्ताने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे उतरले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, ही वावडी त्यांच्याआधीच गावागावांत पोहोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी दारोदार हिंडणारा, नाथपंथाची परंपरा अंगावर वागविणारा हा समाज. परक्या गावात जाणे हाच त्याचा चरितार्थ. ज्या गावकऱ्यांनी त्यांना मारले तेही गरीब, कष्टकरी, आपलेच. यमगरवाडीच्या प्रकल्पातून गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या-विमुक्तांच्या पाठीवरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसण्यासाठी वर्षानुवर्षे झीज सोसली. एका खोट्या संदेशाने तो शिक्का एका दुपारीत पुन्हा उमटविला.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तेथील एका संस्थेने ती तयार केली होती आणि शेवटी तसा फलकही दाखविला होता. कोणी तरी नेमका तो शेवट कापला आणि प्रबोधनाचा अपहरणाचा 'पुरावा' झाला. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली, तेव्हा समस्त हिंदू समाजाचे काळीज फाटले. त्या परिसरातही चोर आणि मुले पळविणारे आल्याच्या अफवा आधीपासून पसरलेल्या होत्या. भगव्या वस्त्रांकडे पाहून ज्यांचे हात आपसूक जुळावेत, त्यांच्या हाती दगड यावेत, इतकी ताकद अफवेत असते. गडचिंचल्याचा संताप ज्यांना अजून विसरता आलेला नाही, त्यांनी तरी न तपासलेला संदेश पुढे ढकलताना दोनदा थांबावयास हवे.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. २०१४ पासून फेसबुकच्या मालकीची असलेली ही कंपनी भारतीयांचे संभाषण किती ठिकाणी जावे हे अमेरिकेत बसून ठरविते, ही गोष्ट स्वाभिमानी समाजाला बोचणारी आहे. स्वदेशी पर्याय म्हणून गाजलेले 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद पडले. अभिमानाने खाते उघडणारे पुष्कळ होते, रोज तेथे वावरणारे पुरेसे नव्हते. शासनाने सत्यासत्याचा निवाडा करावा, असे काहींना वाटते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून तथ्य-पडताळणी विभागाची तरतूद केली होती; मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द ठरविली. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. परंतु १९७५ ची आणीबाणी आणि सेन्सॉरची कात्री ज्यांनी भोगली, त्या परिवाराने सत्याची किल्ली शासनाच्या, मग ते कोणाचेही शासन असो, खिशात घालण्याची घाई करू नये.

आणीबाणीतील भूमिगत पत्रकांची आठवण या संदर्भात उद्बोधक ठरते. तेव्हाही बातमी हातोहात, वृत्तपत्रांना टाळूनच जात होती. पण पत्रक देणारा ओळखीचा असे, घेणारा विश्वासातला असे आणि दोघांनाही तुरुंगाची भीती असे. खोटे पत्रक वाटून तुरुंगात जाण्याइतका उदार कोणी नव्हता! आज पाठविणाऱ्याला कसलीच झळ लागत नाही.

जी बातमी कोणी तरी जाऊन आणावी लागते, तिचे काय होणार, हा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. असे मृत्यू एकाच दिवशी, एकाच गावी होत नाहीत. एक वणीकडचा, एक आर्णीकडचा, असे ते विखुरलेले असतात. ते एकत्र मोजण्यासाठी कोणाला तरी शासकीय रुग्णालयाच्या खोलीत जावे लागते, खाटेवरच्या माणसाला कोणते औषध फवारले हे विचारावे लागते, पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिलेल्या बातमीचा सारांश क्षणात करील. खाटा मोजायला ती जाणार नाही.

मोजणारा तो तालुक्याचा वार्ताहर आज नाममात्र मानधनावर आणि जाहिरातींच्या दलालीवर जगतो. ज्याच्यावर बातमी करावयाची, त्याच्याकडेच त्याला वाढदिवसाची जाहिरात मागावी लागते. आता त्या जाहिरातींचाही मोठा वाटा गूगल-फेसबुककडे वळला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये या कंपन्यांना वृत्तसंस्थांशी वाटाघाटी करण्यास भाग पाडणारा कायदा केला. २०२३ मध्ये कॅनडाने तसे करताच फेसबुकने तेथे बातम्या दाखविणेच बंद केले. पैशाविना वृत्तपत्र चालत नाही, हा धडा नवा नाही. १९२४ मध्ये नागपुरात 'स्वातंत्र्य' हे दैनिक निघाले, त्यात स्वतः डॉ. हेडगेवारांनी कष्ट उपसले, आणि वर्षभरातच ते बंद पडले. ध्येयवाद अपुरा नव्हता, वर्गणीदार अपुरे होते.

नारद जयंतीला ठिकठिकाणी पत्रकारांचा सत्कार होतो. शाल आणि श्रीफळ देण्यास हरकत नाही. मात्र सत्कारासाठी जमलेल्या किती घरांत त्या वार्ताहराचे वृत्तपत्र पैसे मोजून येते, हेही त्या दिवशी विचारले जावे. आणि शाखेच्या, मंडळाच्या, सोसायटीच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात एकाने ठिकाण, दिनांक आणि मूळ स्रोत नसलेला मजकूर परत पाठविण्याचे अप्रिय काम अंगावर घ्यावे. मजकूर आपल्या बाजूचा असेल, तेव्हा तर आधी.