सिमिली म्हणजे आपली उपमाच!

दोस्तांनो, इंग्रजीच्या पेपरात 'फिगर ऑफ स्पीच' ओळखायला सांगितली की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. खरं तर हे पाहुणे ओळखीचेच आहेत, फक्त कोट-टोपी घालून आलेत! सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास. (उच्चार सिमिली बरं का, 'स्माइल' नव्हे. आणि अतिशयोक्तीला 'हायपरबोल' न म्हणता हायपर्बली म्हणायचं.)

गडबड होते ती सिमिलीत. 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की लिहा सिमिली, असं घोकून ठेवलेलं असतं. मग 'आय लाइक मँगोज' हीसुद्धा सिमिलीच का? छे! तिथे लाइक म्हणजे आवडणं. बरं, 'रवी इज ॲज टॉल ॲज हिज फादर'? इथे तुलना आहे, ॲज दोनदा आलंय, तरी सिमिली नाही. बापलेक दोघंही माणसंच. फूटपट्टीनं मोजून सांगितल्यासारखं ते साधं वाक्य. आता 'रवी इज ॲज टॉल ॲज अ कोकोनट ट्री' म्हणा. माणूस कुठे, माड कुठे! दोन वेगळ्या जातीच्या वस्तू, गुण मात्र सारखा. ही झाली सिमिली (आणि थोडी हायपर्बलीसुद्धा). ॲज गाळून 'रवी इज अ कोकोनट ट्री' म्हटलंत, की रवी थेट माडच झाला. हा मेटाफर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'इकडून तिकडे वाहून नेणं'. ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या ट्रकांवर आजही त्याच शब्दाचं रूप रंगवलेलं असतं! इथे आपण माडाची उंची उचलून रवीकडे नेली.

ॲलिटरेशनला मात्र डोळे मिटा नि कान उघडा. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी अक्षरानं सुरू होतात, पण आवाज वेगळे, म्हणून बाद. उलट 'नाइफ' लिहायचा के-पासून, तरी 'नोज'शी त्याचं जमतं. शंका आली तर दोन्ही शब्द देवनागरीत लिहून पाहा.

आणखी एक. 'आयडेंटिफाय' म्हणजे नुसतं ओळखा, 'एक्सप्लेन' म्हणजे समजावून सांगा. एक्सप्लेन असेल तिथे कशाची तुलना कशाशी आणि कोणत्या गुणामुळे, हे एका वाक्यात लिहायलाच हवं. हातचे मार्क तिथेच गळतात!

आता हे ओळखा: 'द ओल्ड बस कॉफ्ड अँड क्लाइम्ब्ड द घाट.' यात दोन दडलेत. उत्तर पुढच्या अंकात.