‘कंपनीत आहे’ म्हणजे नेमकं कुठे?

रांजणगाव आणि कुरकुंभमध्ये आपल्यातली कितीतरी पोरं जे काम करतात, त्या कामाच्या जागतिक संघटना आहेत, आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, परीक्षा आहेत. फक्त हे त्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही.

शिरूर किंवा दौंडच्या कुठल्याही कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या वर्गात विचारा, मागच्या वर्षी पास झालेले कुठे गेले? उत्तर ठरलेलं असतं. ‘कंपनीत आहे.’ शिरूरकडचा असेल तर रांजणगाव, सणसवाडी नाहीतर शिक्रापूर. दौंडचा असेल तर कुरकुंभ. पुढचं कुणी विचारत नाही आणि सांगणाराही सांगत नाही. कारण त्यातले बरेच जण ना मशीनवर असतात ना क्वालिटीत. ते हाउसकीपिंगला असतात, गेटवर असतात, कॅन्टीनला, गार्डनला, एसी प्लांटवर नाहीतर जनरेटरच्या खोलीत असतात. पगार कंपनी देत नाही, ठेकेदार देतो. गळ्यातल्या आयकार्डवर नावही ठेकेदाराचंच. घरी मात्र ‘कंपनीत’.

या सगळ्या कामांना मिळून जगभरात एक नाव आहे, फॅसिलिटी मॅनेजमेंट. बिल्डिंग चालवायचं काम. बांधायचं नाही, चालवायचं. दिवे, पाणी, हवा, लिफ्ट, आग विझवायची यंत्रणा, सांडपाणी, संडास, जेवण, सुरक्षा. हे सगळं नीट चाललं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि एक दिवस बंद पडलं तर अख्खा प्लांट थांबतो.

या क्षेत्रातल्या लोकांनी १९८० मध्ये अमेरिकेत आपली संघटना काढली. दोनच वर्षांत तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आलं आणि ती इफ्मा झाली. ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये वेगळी संस्था उभी राहिली. २०१८ मध्ये तिनं नाव बदललं, आता ती आयडब्ल्यूएफएम. २००६ मध्ये ब्राझील, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, हंगेरी, दक्षिण आफ्रिका इथल्या संघटना आणि इफ्मा यांनी मिळून ‘ग्लोबल एफएम’ ही संघटनांची संघटना काढली. पुढे आयएसओनं या विषयासाठी स्वतंत्र तांत्रिक समिती नेमली. २०१७ मध्ये आयएसओ ४१०११ आलं, ज्यात या क्षेत्रातल्या शब्दांचे अर्थ ठरवले आहेत. २०१८ मध्ये आलं आयएसओ ४१००१, म्हणजे मॅनेजमेंट सिस्टीमचं स्टँडर्ड, ज्याचं सर्टिफिकेट कुठलीही संस्था घेऊ शकते.

आता शब्दांचे अर्थ ठरवायला एवढा खटाटोप कशाला? तर एका देशात फॅसिलिटी म्हणजे मेंटेनन्स, दुसऱ्या देशात जागांचे भाडेकरार, तिसरीकडे नुसती साफसफाई. कंपनी कोरियाची, बिल्डिंग रांजणगावात, ठेका पुण्यातल्या एजन्सीला, असं असेल तर ‘स्वच्छ’ या एका शब्दाचे तीन अर्थ निघणार. ते एक व्हावेत म्हणून ही सगळी मंडळी एकत्र बसली. मला हे काम किरकोळ वाटत नाही.

पण त्या स्टँडर्डमध्ये फॅसिलिटी मॅनेजमेंटची जी व्याख्या केली आहे, ती वाचताना मी अडखळले. साध्या मराठीत तिचा आशय असा, की माणसं, जागा आणि कामाची पद्धत यांची सांगड घालून लोकांच्या जगण्याचा दर्जा सुधारायचा आणि मूळ व्यवसायाची उत्पादकता वाढवायची. लोकांच्या जगण्याचा दर्जा. आधी तो, मग उत्पादकता. माझा प्रश्न साधा आहे. यातले ‘लोक’ म्हणजे कोण? एसीत बसलेला मॅनेजर तर नक्कीच. लाइनवरचा ऑपरेटरही. पण त्या दोघांचा संडास धुणारा, ज्याला जेवायला बसायची धड जागा नसते, तो यात मोजला जातो का?

लगेच कुणी म्हणेल, हे सगळं लंडन-न्यूयॉर्कचं, आपल्या एमआयडीसीशी याचा काय संबंध? संबंध रोजचा आहे. एलजी, व्हर्लपूल, फियाट ही नावं रांजणगावच्या रस्त्यावर पाट्या वाचत गेलात तरी दिसतात. असे मोठे समूह आपल्या इमारती जगभर साधारण एकाच साच्यात चालवतात. म्हणून टेंडरमध्ये ‘एसएलए’, ‘केपीआय’ असले शब्द येतात आणि ते उतरत उतरत सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅपपर्यंत पोचतात. सफाईची रंगीत फडकी पाहिली असतील. लाल फडकं संडासासाठी, हिरवं स्वयंपाकघरासाठी, निळं ऑफिससारख्या साध्या जागांसाठी. सुपरवायझरला वाटलं म्हणून हे रंग ठरलेले नाहीत. ब्रिटनमध्ये सफाई क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थेनं ही पद्धत रुजवली आणि तिथून ती जगभर पसरली. संडासातले जंतू कॅन्टीनच्या टेबलावर जाऊ नयेत, एवढाच तिचा हेतू. म्हणजे फडकं आपल्याकडे पोचलं. त्याच्यामागचं कारण मात्र बहुतेकदा पोचत नाही. ‘लाल इकडं, निळं तिकडं, चुकलास तर दंड’, झालं ट्रेनिंग.

कुरकुंभचं उदाहरण याहून महत्त्वाचं वाटतं. तिथे केमिकलचे कारखाने आहेत. परदेशात जाणाऱ्या ड्रमवर लाल कडेचा चौकोन असतो, टोकावर उभा केलेला, आत काळं चित्र. ज्वाळा, कवटी, हातावर सांडणारं आम्ल, मेलेला मासा. ही चिन्हं संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर ठरली, त्यांची पहिली आवृत्ती २००३ मध्ये निघाली. जर्मनीतला कामगार जे चित्र बघतो तेच दौंडचा पोरगा बघतो. इंग्रजी येवो न येवो, कवटी सगळ्यांना कळते. आंतरराष्ट्रीय सहकार्य झाडू मारणाऱ्यापर्यंत पोचूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांना मला हा ड्रम दाखवावासा वाटतो. पोचवायचं ठरवलं तर पोचतं.

आणि न पोचल्याची किंमत कोण मोजतं? ब्लीचिंगचं पाणी आणि संडास धुण्याचं अॅसिड एकत्र ओतलं की क्लोरीन वायू तयार होतो, ही अकरावीच्या केमिस्ट्रीतली गोष्ट आहे. बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर माणूस दवाखान्यात जातो. दोन्ही बाटल्या एकाच ट्रॉलीवर शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यावरच्या सूचना इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं.

सर्टिफिकेटांचीही हीच गत. इफ्माची एफएमपी, सीएफएम ही प्रमाणपत्रं जगभर चालतात, आखाती देशांत नोकरीला उपयोगी पडतात. पण फी डॉलरमध्ये आणि अभ्यास इंग्रजीत. दहा-बारा वर्षं चिलर सांभाळलेला, आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारा टेक्निशियन या दारातून आत कसा जाणार? ब्रिटनच्या संस्थेनं आपल्या अभ्यासक्रमांची शिडी लेव्हल दोनपासून सातपर्यंत लावली, म्हणजे खालची पायरी निदान जमिनीजवळ तरी आहे. आपल्याकडे ही शिडी दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते. तिथपर्यंत पोचायचं ते ओळखीनं, नाहीतर एमबीए करून.

मग घरी ‘हाउसकीपिंगला आहे’ असं का सांगवत नाही, यावरही बोलायला हवं. पगार कमी हे एक कारण झालंच. दुसरं कारण आपण तोंडावर आणत नाही. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात असायचा हे शेकडो वर्षं जातीनं ठरवलं. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) नव्या चकचकीत कंपनीतही संडासाची ड्युटी कुणाच्या वाट्याला येते आणि रिसेप्शनजवळची काच पुसायची कुणाच्या, हे एकदा आडनावांची यादी घेऊन तपासावं असं मला फार वाटतं. गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी बातम्या येत राहतात आणि मेलेला बहुतेकदा ठेक्यावरचाच असतो. आयएसओच्या कागदात ‘जात’ हा शब्द नाही. असणारही नाही, कारण ते लिहिणाऱ्यांच्या टेबलावर हा प्रश्नच नव्हता. तो तिथे ठेवायचं काम भारतातल्या व्यावसायिकांचं आहे. परिषदेत लॅपटॉपवर ‘स्मार्ट बिल्डिंग’ दाखवताना आपण हा विषय काढत नसू, तर ते सहकार्य एकतर्फी आहे. आपण त्यांचे शब्द आणले, आपला प्रश्न त्यांच्यापर्यंत नेला नाही.

यावर एक उत्तर मला हमखास मिळतं. व्यावसायिक संघटना म्हणजे युनियन नव्हे, पगार आणि हक्क हे युनियननं बघावं. मान्य. पण जगण्याच्या दर्जाची व्याख्या युनियननं केलेली नाही, या संघटनांनीच केली आहे. आणि तळाच्या कामगारांनी जगाशी नातं जोडल्याचं उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेरही जावं लागत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांची संघटना. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, जी पुण्यात घरोघरचा कचरा उचलते. २००८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात जगभरचे कचरावेचक पहिल्यांदा एकत्र आले, तेव्हा त्यांच्यात पुण्याची संघटनाही होती. २०१२ मध्ये तर अशी आंतरराष्ट्रीय बैठक पुण्यातच झाली. नऊवारीतली बाई आणि ब्राझीलचा कचरावेचक दुभाष्याच्या मदतीनं एकमेकांना दर विचारतात, हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच. त्यासाठी सीएफएम लागत नाही.

महाराष्ट्राकडे कायद्याचाही अनुभव आहे. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा. मालक बदलला तरी कामगाराची नोंद मंडळाकडे राहते, ही त्यातली मुख्य कल्पना. म्हणजे गेटवरचा रक्षक मंडळाकडे नोंदलेला असेल तर त्याला काहीतरी आधार असतो. त्याच गेटच्या आत दहा पावलांवर मॉप मारणाऱ्यासाठी असं मंडळ नाही. ठेका बदलला की तो पुन्हा ‘नवीन’. पाच वर्षांचा अनुभव नव्या ठेकेदाराच्या रजिस्टरमध्ये शून्य.

इथे मला आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचा खरा उपयोग दिसतो. कौशल्य मोजायची ठरलेली पट्टी असेल, तर ती कामगाराच्या खिशात राहू शकते. ‘मी स्क्रबर मशीन चालवतो, रसायनं ओळखतो, फायर पंपाची साप्ताहिक टेस्ट घेतो’ हे एका कार्डावर असेल, तर ठेकेदार बदलला तरी कार्ड त्याचंच.

आता लोक हनमंतराव गायकवाडांचं नाव काढतील. काढायलाच हवं. सातारा जिल्ह्यातून आलेल्या या माणसानं १९९७ मध्ये भारत विकास ग्रुप सुरू केला, पिंपरी-चिंचवडच्या वाहन कारखान्यातल्या सफाईच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढे बीव्हीजी संसद भवनाच्या देखभालीपर्यंत आणि राज्यातल्या १०८ रुग्णवाहिकांपर्यंत पोचली. मराठी तरुणाला या क्षेत्रात काय करता येतं याचा तो पुरावा आहे. पण प्रत्येक वेळी एक यशस्वी माणूस दाखवून बाकीच्या हजारोंना ‘बघ, मेहनत कर’ म्हणणं मला पटत नाही. मेहनत ते करतायत. शिफ्टच्या बससाठी पहाटे नगर रोडला उभं राहून बघा.

कॉलेजांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. बीकॉम, बीएस्सीच्या मुलांना इंडस्ट्रियल व्हिजिटला नेता, तेव्हा प्रॉडक्शन लाइन दाखवून परत आणता. पुढच्या वेळी युटिलिटी ब्लॉक दाखवा. चिलर, जनरेटर, फायर पंप, ईटीपी कोण चालवतं आणि तो काय शिकलाय ते विचारा. भारतातल्या संघटनांचे कार्यक्रम मुंबई-बंगळूरूच्या हॉटेलांत होतात, त्यातला एक शिरूरला होऊ द्या. हॉल मिळेल, चहा चांगला मिळेल आणि समोर बसणारे लोक रोज तेच काम करणारे असतील. परीक्षा मराठीत घ्यायची तर आधी शब्द मराठीत लागतील. ते काम आपण, म्हणजे भाषेची आणि मास कॉमची मुलं, करू शकतो. प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडतोच की दरवर्षी.

कंपन्यांनी एक गोष्ट उद्याच करावी, त्यासाठी कुठल्याही सर्टिफिकेटची वाट बघायला नको. संडासाच्या दारामागे जो तासातासाचा चेकलिस्टचा कागद लटकवलेला असतो, तो मराठीत आणि हिंदीत छापा. त्यावर ‘तपासणाऱ्याची सही’ असा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी ज्यानं साफ केलं त्याचं नाव लिहायला दुसरा रकाना काढा.