अन्न शहराचें, दुर्गंधी खेड्याची!

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद, येथील कचरा कैक वर्षें नारेगांवच्या उघड्या जागेवर पडत राहिला. भोवतालच्या शेतकऱ्यांनीं घाण वास सोसला, पाणी नासल्याचीं गाऱ्हाणीं केलीं; अखेर फेब्रुवारी २०१८ मध्यें त्यांनीं गाड्या अडविल्या. मार्चमध्यें हायकोर्टानेंहि तेथें कचरा टाकण्यास मनाई केली. मग गाड्या शहराच्या कडेच्या मिटमिट्याकडे वळल्या, आणि तेथें दगडफेक, जाळपोळ व लाठीमार झाला. पोट भरलें शहराचें. भोगलें मात्र खेड्यानें!

ही दुर्गंधी येते कोठून? शिळी भाकरी, भात, भाजीचे देंठ पिशवींत कोंडून ढिगाखालीं दडपले कीं त्यांस हवा मिळत नाहीं. मग तें सडतें. सडक्या अंड्याच्या वासाचा वायु व पेट घेणारा मिथेन निघतो, काळें पाणी जमिनींत मुरतें. तेंच खरकटें माती व पालापाचोळा मिसळून वरखालीं करीत राहिलें तर वास मरतो आणि कांहीं महिन्यांत खत होतें. हें आमच्या कुणब्यास कोणी शिकवावयास नको.

ओला व सुका कचरा निराळा ठेवण्याचें कर्तव्य २०१६ च्या नियमांनीं प्रत्येक घरावर टाकिलें. शेतकरी व कारागीर बंधूंनो, आपलीं मुलें आज शहरांत राहतात. तीं हा नियम पाळतात काय, तें विचारा. आणि महानगरपालिकेस बजावा, 'मिसळलेली घाण आमच्या शिवारांत नको. चांगलें खत करून आणाल, तर मोल देऊन घेऊं!'