बोट मुंबईत, पाहुणे केळव्यात

सोमवारी पहाटे बोट मुंबईला लागणार, बुधवारी संध्याकाळी सुटणार आणि गुरुवारी सकाळी मार्मागोव्याला उभी राहणार. इंग्लंडमधल्या माझ्या आतेबहिणीने, ताईने, पाठवलेल्या वेळापत्रकात एवढंच होतं आणि खाली प्रश्न होता : मधल्या दिवसांत जमिनीवरून काय पाहून होईल?

बोटीच्या कंपनीचं उत्तर तयार होतं : आग्रा. मुंबईला उतरायचं, विमानाने दिल्ली, तिथून मोटारीने दोनशेच्या वर किलोमीटर, ताजमहाल, परत दिल्ली आणि विमानानेच गोवा. ताज पाहावा असाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या हिशेबात ताजसमोर उभं राहायला दोन-तीन तास मिळतात आणि बाकी सगळा वेळ विमानतळावर आणि मोटारीत जातो. भावोजींनी अजिंठा-वेरूळ सुचवलं होतं. ते वारांनी मोडलं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मुंबईतच थांबावं तर घारापुरी आणि कान्हेरी या दोन्ही लेण्यांची सुट्टी सोमवारीच. बोटीने येणाऱ्या माणसाला आपला वार निवडता येत नाही, म्हणून नकाशाच्या आधी या सुट्ट्या पाहायला हव्यात. ताजची सुट्टी शुक्रवारी असते, हेही कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी त्यांना आमच्याकडे, पालघर जिल्ह्यात यायला सांगितलं. केवळ नातं म्हणून नाही. समुद्रातून आलेल्या माणसाने आधी समुद्रकाठ पाहावा, असं मला मनापासून वाटतं. आमचा काठ वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या झोपेत निघून गेला आहे. १ सप्टेंबर १९२८ रोजी फ्रंटियर मेल सुरू झाली. पावसाळा संपल्यावर विलायतेहून पी अँड ओच्या आगबोटी भरून येत, त्या महिन्यांत ही गाडी थेट बॅलार्ड पियरच्या मोल स्टेशनातून सुटायची. साहेब बोटीतून उतरे, गाडीत चढे आणि दिल्ली, लाहोर, पेशावरकडे निघे. ती गाडी बीबीसीआय रेल्वेच्या रुळांवरून, म्हणजे पालघर आणि बोईसरवरूनच जायची. आज तीच गाडी गोल्डन टेंपल मेल म्हणून अमृतसरला जाते. बोटीवरून उतरून उत्तरेकडे धावायची रीत तेव्हाची आहे आणि आजच्या सहलींच्या पत्रकांतही ती तशीच उतरलेली दिसते.

आखणी मी उलटीकडून केली. आधी बोटीवर परत चढायची जागा, मग पाहायच्या जागा. बोटीच्या कंपनीमार्फत गेलात आणि उशीर झाला, तर पुढची व्यवस्था कंपनी बघते. स्वतःच्या आखणीने गेलात तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही, पुढचं बंदर तुम्हाला तुमच्या खर्चाने गाठावं लागतं. म्हणून मुंबईला परत यायचा विचारच मी सोडून दिला आणि मार्मागोवा धरलं. पालघरकरांना ठाऊक असलेली, पण बाहेरच्यांच्या लक्षात न येणारी सोय इथे कामाला आली. कोकण रेल्वे धरायला दादर किंवा कुर्ला गाठायची गरज नाही. गुजरातहून केरळात जाणाऱ्या कित्येक गाड्या वसई रोडवरून पनवेलकडे वळतात आणि मडगावला जातात. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे-मडगाव गाडी आहे. वांद्र्याहून ती बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सुटते, बोरिवली आणि वसई रोड घेत रात्री दहाच्या सुमारास मडगावला पोचते. ताईच्या बोटीचा बुधवार तिच्याशी जुळला. म्हणजे बोट मुंबईहून सुटायच्या आतच ही दोघं कोकणात पोचलेली असतील, रात्री मडगावात झोपतील आणि सकाळी तासाभराच्या रस्त्याने बंदरावर हजर होतील. त्या गाडीला उशीर झाला तरी हाताशी अख्खी रात्र आहे. ही मोकळी रात्र नसती, तर मी हा बेत सुचवलाच नसता.

कागदांचं काम कंटाळवाणं असलं तरी सगळा बेत त्यावरच उभा आहे. मुंबईला उतरून तीन दिवसांनी दुसऱ्या बंदरात चढणार, हे बोटीच्या कचेरीला आधीच लेखी कळवून त्यांचा होकार घ्यावा लागतो. बंदरातला बोटीचा एजंट मग इमिग्रेशनला ते कळवतो. पुष्कळ बोटींवर प्रवाशांचे पासपोर्ट कचेरीत जमा असतात. एका दिवसाच्या सहलीला ते चालून जातं, पण रात्री बाहेर राहायचं तर पासपोर्ट स्वतःजवळ हवा. ताईकडे ओसीआय कार्ड आहे. भावोजी ई-व्हिसावर येतील आणि तो चालणाऱ्या बंदरांत मुंबई, मार्मागोवा, कोची आहेत. परदेशी पासपोर्टचा पाहुणा ठेवला की घरमालकाला त्याची माहिती चोवीस तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. हे भरता येत नाही म्हणून ऐनवेळी नकार देणारी घरं आहेत. खोली ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, हा विचारा. आणि सामान? बोटीवरची खोली तुमचीच राहते, तेव्हा मोठ्या बॅगा समुद्रानेच गोव्याला जाऊ द्याव्यात. खांद्यावरची एक पिशवी पुरते.

सोमवारी बंदरातले सोपस्कार आटपून बाहेर पडायला दहा-अकरा वाजतील. टॅक्सीने चर्चगेट. त्या वेळी गर्दी मुंबईकडे येणारी असते, आपण उलटे निघतो. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, पण विरारच्या पुढे गाड्या कमी. एक चुकली तर तास-दीड तास फलाटावर जातो, त्यामुळे विरारहून सुटणाऱ्या गाडीची वेळ आधी पक्की करून मगच चर्चगेटहून निघायचं. वैतरणेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना खाजण आणि मिठागरं दिसू लागतात. केळवे रोडला उतरून रिक्षाने केळव्याला. सुरूची बनं, पानवेलींच्या वाड्या, शितलादेवीचं देऊळ, वाळूत रुतलेला छोटा कोट. थंडीचे दिवस असल्यामुळे घरगुती जेवणात उकडहंडी सांगून ठेवली आहे. कंद, रताळी, वालपापडी हंडीत शिजवलेली ही वाडवळांची भाजी मुंबईच्या हॉटेलात मिळणार नाही. त्या दिवशी आणखी काही पाहायचं नाही. बोटीवरून आलेल्या माणसाला एक संध्याकाळ जमिनीवर निवांत बसू द्यावं.

मंगळवारी पहाटे सातपाटी. बोटी भरतीप्रमाणे येतात, तेव्हा वेळ आदल्या दिवशी तिथल्याच माणसाला विचारायची. पापलेटला २०२३ साली राज्यमासा जाहीर केलं, आणि लहान पापलेट मारू नये म्हणून इथले मच्छीमार स्वतः झटत आले आहेत. ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. मग पालघर. १४ ऑगस्ट १९४२ रोजी चले जावच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात इथे पाच जण पडले. हुतात्मा चौकात दोन मिनिटं थांबल्याशिवाय मी कुणालाच पुढे नेत नाही.

बोईसर म्हटलं की पाहुण्यांना कारखाने दिसतात. ते आहेतच, आणि त्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं म्हणून मांगेला समाजाला हरित लवादाकडे जावं लागलं, हेही मी लपवणार नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतं, देशातलं पहिलं. आत जाता येत नाही, पण त्याच्या वाढीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली, एवढं तरी माहीत असावं. तारापूरचा किल्ला जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या सैन्याने घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. आतली जागा खासगी ताब्यात आहे, म्हणून आधी विचारायचं.

या सगळ्यात मला चिंचणी दाखवायची आहे. तिथे पाहण्याजोगी मोठी इमारत नाही, साधं समुद्रकाठचं गाव आहे. पण याच गावात सापडलेल्या ताम्रपटांतला एक इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या काळातला आहे. त्यात या भागाच्या, संजाण मंडलाच्या अधिकाऱ्याची हकिकत आहे. तो अधिकारी अरब मुसलमान होता. संस्कृतात त्याचं नाव मधुमती सुगतिप असं कोरलं आहे आणि त्याला नेमलं होतं राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने. त्याने काय केलं? दोन नद्यांवर फुकट तरीची सोय केली आणि संजाणला अन्नछत्र घातलं, जिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य वाढलं जाई. हजार वर्षांपूर्वी समुद्राकडून येणाऱ्याला पाणी ओलांडून द्यावं आणि पोटभर जेवू घालावं, हा इथल्या कारभाराचा भाग होता. ताजमहालाच्या सातशे वर्षं आधीची ही गोष्ट. ताईला ती चिंचणीच्या किनाऱ्यावर उभं राहूनच सांगायची आहे.

गंजाड मात्र बसत नाही. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र घराच्या भिंतीवरून कागदावर आणलं ते तिथून, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घोलवडच्या चिकूवाड्या, पारशांनी आपला अग्नी लपवला ती बाहरोटची गुंफा, जव्हार, सगळंच सुटतं. हे गाळताना मला फार जड गेलं. पण चिंचणीहून उत्तरेला वळलं की वसईचा किल्ला दिवसाउजेडी हाती लागत नाही. जाता जाता वाढवणचा किनारा तरी लांबून दाखवीन. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. उद्या तिथे कंटेनरची जहाजं लागतील. तिथल्या मच्छीमारांचा विरोध अजून शमलेला नाही, आणि त्यांची काळजी मला खरी वाटते.

दुपारी बोईसरहून लोकलने वसई रोड, तिथून किल्ला. पोर्तुगीजांकडे तो १५३४ पासून होता, मे १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. त्या पडक्या चर्चांमधून फिरून आलेल्या माणसाला दोन दिवसांनी गोवा वेगळा दिसेल. मुक्काम वसईतच, कारण सकाळची गाडी चुकवायची नाही. ती दिवसा धावते, त्यामुळे वाशिष्ठी आणि रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल उजेडात दिसतात.

आरक्षण आपल्याला साठ दिवस आधी मिळतं, परदेशी पर्यटकांना ३६५ दिवस आधी. भावोजींचं तिकीट त्या सवलतीत काढायला सांगितलं आहे, आणि ताईला : आजच्या आज बोटीच्या कचेरीला पत्र लिही, त्यांचा होकार आला की मी केळव्याच्या घराला कळवते.