मागे बांधलेली होडी

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. ईदला घरी आला तेव्हा शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला आणि एक आराखडा दाखवला. चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, सपाट तळाची लोखंडी बार्ज. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, कामाचं टेबल, छपरावर सोलर. "मामू, ही मी बनवून घेणार. उजनीत ठेवणार. तिथेच राहणार आणि तिथूनच काम करणार."

घरात हशा पिकला. ज्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथला पोरगा पाण्यावर राहायला निघालाय! हजरत नूह कोरड्या जमिनीवर नाव बांधत होते तेव्हाही येणारे-जाणारे हसतच होते, हे आठवून मी हसू आवरलं आणि विचारलं, "पण का रे बाबा?"

तो म्हणाला, "भाड्याने सात घरं बघितली. पाच ठिकाणी डिपॉझिटपर्यंत बोलणं झालं, मग माझं पूर्ण नाव विचारलं आणि घर एकदम 'दुसऱ्याला दिलेलं' निघालं. नाव घेतली की नाव सांगावं लागणार नाही."

मग कुणी हसलं नाही.

काश्मीरची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. डोग्रा राजांच्या काळात बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेता येत नसे. उन्हाळ्यात येणाऱ्या इंग्रजांनी यावर तोड काढली: जमीन मिळत नाही ना, मग पाण्यावर राहू. १८८० च्या दशकात केनार्ड नावाच्या इंग्रजाने पहिली हाऊसबोट बांधून घेतली असं सांगतात. देवदाराच्या लाकडाची, दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या असलेली. म्हणजे जमीन नाकारली म्हणून पाण्यावर घर बांधणारा माझा भाचा काही पहिला नाही. फरक इतकाच की त्या साहेबाच्या मागे साम्राज्य होतं आणि याच्या मागे होम लोनही नाही, कारण तरंगत्या घरावर कर्ज कोण देणार?

पण त्या गोष्टीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. काश्मीरच्या पाण्यावर साहेबाच्या आधीपासून माणसं राहत होती. हांजी समाजाची मुसलमान कुटुंबं डुंग्यात, म्हणजे चटयांच्या आडोशाच्या लांबट नावेत जन्मली, जगली, मेली. हाऊसबोटी आल्या आणि पाहुणा नक्षीकामाच्या दिवाणखान्यात बसला. हांजी कुटुंब मागे बांधलेल्या डुंग्यात राहून त्याचा स्वयंपाक करू लागलं. पुढे हाऊसबोटींची मालकीही हांजींकडे आली, पण कुटुंबाने मागच्या नावेत राहायची रीत कायम राहिली. पाण्यावरच्या घराचा विषय निघाला की मला आधी ती मागे बांधलेली होडी दिसते.

नाव, राहणं आणि रोजगार एकाच जागी असणं यात नवीन काही नाही. गोव्यात मांडवी-झुआरीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जवरचे खलाशी बार्जवरच रांधायचे, तिथेच झोपायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा कामाबरोबर त्यांचं छप्परही गेलं. केरळात कुट्टनाडचं भात वाहणारं केट्टुवल्लम, खिळ्याविना काथ्याने शिवलेलं, तेही वल्हवणाऱ्यांचं घरच होतं. रस्ते झाले, भात ट्रकमध्ये चढला, आणि त्याच नावांच्या पर्यटकांसाठी हाऊसबोटी झाल्या. आणि लांब कशाला जायचं? सोलापूरच्या पूर्व भागात ज्या खोलीत माग, त्याच खोलीत पाळणा. विड्या वळणारी बाई उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बसते तेव्हा तिला कुणी 'वर्क फ्रॉम होम' म्हणत नाही.

भाच्याचा आराखडा मी नंतर नीट बघितला. पोराने अभ्यास केलाय. सपाट तळ, कारण पाणी उथळ. तीन तुकड्यांत सांगाडा आणून काठावर जोडायचा, कारण बारा फुटी नाव सबंध रस्त्याने आणणं अवघड. डोलू नये म्हणून तळाशी वजन. गंज पत्र्याला न लागता आधी दुसऱ्या धातूला लागावा म्हणून मॅग्नेशियमचे ठोकळे, कारण गोड्या पाण्यात जस्ताचे नीट चालत नाहीत. सगळं आहे. तीन गोष्टी मात्र नाहीत.

पहिली, पाणी. उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आहे, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात 'धरण वजा किती टक्के' अशी बातमी येते. पाणी हटतं तेव्हा हातभर नाही, शेतंच्या शेतं मागे जातं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. त्या दिवसांत ही बार्ज चिखलात बसेल, आणि काठावरच्या माणसांना हाका मारल्याशिवाय पोराला खाली उतरता येणार नाही.

दुसरी, संडास. आराखड्यात मैलापाण्याचा पाईप सरळ बाहेर सोडलाय. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घाण आधीच नद्यांतून उजनीत येते आणि तेच पाणी शुद्ध करून सोलापूर पितं. म्हणजे हा पोरगा जे सोडणार ते पाच दिवसांनी त्याच्या अम्मीच्या हंड्यात. टाकी बसवावीच लागेल आणि ती काठावर नेऊन रिकामी करावी लागेल.

तिसरी, कागद. इंजिनाच्या नावेला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणी लागते, तपासणी लागते. धरणाचं पाणी जलसंपदा खात्याचं. इंग्लंडच्या कालव्यांवर हजारो लोक नावेत राहतात, पण तिथे १९९५ च्या कायद्यात लिहिलंय की कायमचा धक्का नसेल तर एका जागी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही. म्हणजे पाण्यावरही कुणीतरी येऊन विचारतंच: नाव काय, गाव काय, कधी हलणार? नाव घेतली की नाव सांगावं लागत नाही, हे खरं नाही.

आणि त्या पाण्यावर आधीपासून कोण आहे? उजनीच्या काठावर मासेमारी करणारी कुटुंबं राहतात. कित्येकांचं घर म्हणजे ताडपत्री आणि बांबू. रात्री जाळं टाकायचं, पहाटे चिलापी, कटला काढून बाजार गाठायचा. पाणी जसं सरकेल तशी झोपडी सरकते. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. चार दिवस लाइफ जॅकेटची चर्चा झाली. त्या काठाला जलपर्यटनाचे आराखडे आहेत, तसे साधे धक्केही मिळायला हवेत. पाण्यावर जगणाऱ्याला आधी हक्काचा पत्ता आणि सुरक्षित होडी, मग इतरांना हौशीची बार्ज, असा क्रम असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर उजनीतही तेच होणार: पुढे दिवाणखाना आणि मागे बांधलेली होडी.

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पाण्यावर राहायची हौस असेल तर जरूर बांध. पण घर नाकारलं म्हणून पाण्यावर जात असशील, तर नाकारणाऱ्याचं काम तू सोपं करतोयस. आपण आपणहून निघून गेलो की त्यांना नाही म्हणायचीही गरज उरत नाही. पुण्यात आठवं घर बघ, नववं बघ. जिथे नावावरून नकार येईल तिथे तो लेखी माग. देणार नाहीत, पण मागितलंय हे त्यांना कळू दे. नूहची नाव तरी एकट्यासाठी कुठे होती?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, तरी एकदा पाणी बघून येऊ?"

येत्या रविवारी आम्ही कुगावला जाणार आहोत. तिथल्या मच्छीमारांशी बोलू, त्यांच्याच होडीत बसू. लाइफ जॅकेट आमची आम्हीच नेणार आहोत. होडीवाल्यालाही एक.